तंबोऱ्याचं माहेर

ज्या घरात तंबोरा आहे, त्या घरातल्या बाईला तो ठेवायचा कुठे हा प्रश्न कायमचा असतो. मिक्सर ओट्यावर मावतो, शिवणयंत्र खिडकीखाली बसतं, पेटी पलंगाखाली सरकते. तंबोरा मात्र कुठेच धड मावत नाही. आडवा ठेवावा तर येता-जाता पाय लागतो, उभा ठेवावा तर मुलांचा चेंडू लागतो. शेवटी तो गवसणी घालून कपाटावर जातो. आणि एकदा वर गेलेली वस्तू खाली यायला आपल्या घरांत किती वर्षं लागतात, हे मी तुम्हाला सांगायला नको.

मी स्वतः अशीच एक तंबोरावाली. आमच्या जिल्ह्याचं नाव 2024 पासून अहिल्यानगर झालंय, पण बोलताना तोंडात अजून नगरच येतं. या नगरची ओळख ऊस, साखर कारखाने, दुष्काळ आणि शिर्डी अशी. गाण्याबजावण्याचा मुलूख म्हणून आमचं नाव कुणी घेत नाही. तरीही तालुक्याच्या गावी एखाद्या बाई गाण्याचा क्लास चालवत असतात, मुली गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा देत असतात, गावोगाव भजनी मंडळं असतात. आणि जिथे गाणं आहे तिथे कुठल्या ना कुठल्या कोपऱ्यात एक मिरजेचं वाद्य उभं असतं. गेल्या काही महिन्यांत मी मुद्दाम अशा काही जणींना भेटले. प्रश्न एकच विचारला, "तुमचं वाद्य कसं आहे?" गंमत म्हणजे प्रत्येकीनं वाद्याबद्दल चार वाक्यं सांगितली आणि ते घडवणाऱ्या माणसाबद्दल तासभर बोलली.

मिरजच का?

तंबोरा आणि सतार म्हटलं की मिरज, हे समीकरण दीडशेहून अधिक वर्षांचं आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मिरजेचे शिकलगार तलवारी-भाल्यांना धार लावायचे. लढाया संपल्या तसं शस्त्रांचं काम आटलं. त्यांच्यातल्या फरीदसाहेबांनी वाद्यं दुरुस्त करता करता नवी घडवायला सुरुवात केली, आणि पुढे त्यांच्या कुळाचं नावच 'सतारमेकर' पडलं. पटवर्धनांच्या संस्थानात गाण्याला आश्रय होता. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर तिथे होते, त्यांच्याकडे विष्णू दिगंबर पलुस्कर शिकले. पुढे अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत स्थायिक झाले. वाद्याची दुरुस्ती आणि जवारी यातलं त्यांना स्वतःला उत्तम कळायचं. 1937 साली ते गेले, त्यांची कबर मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्यात आहे आणि उरुसात तिथे गायक-वादक आजही हजेरी लावतात. त्यांची मुलगी हिराबाई बडोदेकर मिरजेतच जन्मली, 1905 साली. बायकांनी तिकीट लावून जाहीर मैफल करणं ज्या काळात अब्रूचा प्रश्न होता, त्या काळात हिराबाई तंबोरे घेऊन रंगमंचावर बसल्या. आज आमच्यासारख्या जणी गणपतीच्या मांडवात बिनधास्त गातो, त्याची वाट अशी पडलेली आहे.

गायक शेजारी, कारागीर शेजारी. गायकानं म्हणायचं, "आवाज जरा बंद वाटतो," आणि कारागिरानं त्याच्यासमोर कानस चालवायची. अशी शंभर-सव्वाशे वर्षं गेली की गावाचा कान तयार होतो. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्यामागे हा कान आहे.

'आधी गाऊन दाखवा'

माझा तंबोरा मी घेतला 1996 साली, नोकरीच्या साठवलेल्या पैशांतून. दुकानात जायचं, चार वस्तू बघायच्या, एक उचलायची, अशी माझी कल्पना. सतारमेकर गल्लीतल्या एका छोट्या खोलीत गेले. भिंतीला भोपळे टांगलेले, खाली लाकडाचा भुसा. म्हातारे चाचा खाली मान घालून काम करत होते. मी म्हटलं, "तंबोरा बघायचाय." ते म्हणाले, "पट्टी कोणती?" मी म्हटलं, "काळी चार." त्यावर शांतपणे म्हणाले, "बसा ताई. आधी गाऊन दाखवा."

साडी घ्यायला जावं आणि शिंप्यानं आधी माप घ्यावं, तसं झालं. मी कशीबशी भूपातली एक बंदिश म्हटली. त्यांनी पट्टी ऐकली, मी मांडी घालून बसते कशी ते बघितलं, हाताची लांबी बघितली. पुरुषी तंबोरा साधारण पाच फुटांचा, बायकी चारेक फुटांचा. पण त्या 'चारेक'मधला एकेक इंच कुणासाठी हे कारागीर ठरवतो. मग विचारलं, "राहता कुठं?" नगर म्हटल्यावर म्हणाले, "तिकडं हवा कोरडी. जुना वाळलेला भोपळा घालतो."

हा भोपळा आपल्या भाजीचा नव्हे, कडू. भीमाकाठी पंढरपूर-मंगळवेढा भागात शेतकरी तो खास वाद्यांसाठी पिकवतात. कडू म्हणून त्याला कीड सहसा लागत नाही. वाळवायला महिने जातात. मग भिजवून कापायचा, आतला गर-बिया काढायच्या, आतून साफ करायचा. त्याला तुनाच्या लाकडाची पोकळ दांडी जोडायची, वर तबली बसवायची, खुंट्या, घोडी, नक्षी, लाखेचं पॉलिश. एकाही भोपळ्याचा घेर दुसऱ्यासारखा नसतो, म्हणून एकही तंबोरा दुसऱ्यासारखा वाजत नाही. चार महिन्यांनी पत्र आलं, 'वाद्य तयार आहे.'

कोल्हापूर-गोंदिया महाराष्ट्र एक्स्प्रेस मिरजेवरूनही जाते आणि आमच्या नगरवरूनही, हे केवढं सुख आहे ते वाद्य घेऊन येणाऱ्यालाच कळेल. बर्थवर तंबोरा झोपला, मी त्याच्या पायाशी बसून आले. समोरच्या एका आजींनी विचारलं, "काय गं हे?" मी सांगितल्यावर त्यांनी गवसणीवरूनच हात लावून नमस्कार केला.

कपाटावरची बावीस वर्षं

श्रीरामपूरला एक निवृत्त शिक्षिका भेटल्या. त्यांचा तंबोरा त्यांच्या वडिलांनी मिरजेहून आणलेला, लग्नात त्यांच्याबरोबर सासरी आला, 1971 साली. सासर मोठं, शेतीवाडीचं. कुणी 'गाऊ नको' म्हणालं नाही. पण पहाटे धारा, मग स्वयंपाक, मग शाळा, मग पुन्हा स्वयंपाक. "मला कुणी अडवलं नाही हो," त्या म्हणाल्या, "पण कुणी विचारलंही नाही, की हे कपाटावर काय आहे?"

बावीस वर्षांनी, मुलगा शिकायला बाहेर गेल्यावर, त्यांनी स्टूल घेतलं आणि तंबोरा खाली काढला. तारा गंजलेल्या, खुंट्या घट्ट बसलेल्या, तबलीवर पावसाळ्यातल्या गळतीचा डाग. भोपळा मात्र शाबूत. गवसणीसकट त्या एकट्या मिरजेला गेल्या. ज्या कारागिराकडून वडिलांनी वाद्य घेतलं होतं, ते केव्हाच वारले होते. दुकानात त्यांचा मुलगा बसला होता. त्यानं गवसणी काढली, खुंटीवरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "हे अब्बांच्या हातचं आहे."

हे सांगताना बाई थांबल्या. मग म्हणाल्या, "माझ्या वडिलांनी आणलेलं, त्याच्या वडिलांनी केलेलं. दोघंही नव्हते. आम्ही दोघं उगाचच एकमेकांकडे बघून हसलो." त्यानं नव्या तारा चढवल्या, जवारी काढली. आज बाईंकडे संध्याकाळी आठ-दहा मुली शिकायला येतात आणि त्या सगळ्यांना पहिला महिनाभर फक्त तंबोरा छेडायला शिकवतात.

जवारी म्हणजे काय?

हा शब्द सारखा येतोय, तर जरा सांगते. तंबोऱ्याच्या चार तारा. पहिली पंचमाची, मधल्या दोन जोडाच्या म्हणजे षड्जाच्या, आणि चौथी खर्जाची. बायकी तंबोऱ्यात पहिल्या तीन पोलादी आणि खर्जाची पितळी असते. या तारा ज्या घोडीवरून जातात तिचा माथा सपाट दिसतो, पण नसतो. त्याला डोळ्याला न दिसणारा हलकासा उतार असतो. तार कंप पावते तेव्हा त्या उतारावर अलगद टेकत-सुटत राहते आणि त्यातून तो भरलेला, गुंजणारा आवाज उमटतो. तार आणि घोडीमध्ये एक बारीक सुताचा दोरा सरकवतात, तो नेमक्या जागी आला की आवाज उघडतो. खर्जाच्या तारेतून गंधार ऐकू येतो, जो आपण लावलेलाच नसतो. त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. यात चमत्कार नाही, तारेचा पाचवा उपस्वर म्हणजे गंधार. पण तो इतका स्पष्ट का येतो, याचं कुतूहल सी. व्ही. रामन यांनाही वाटलं होतं. 1921 साली त्यांनी तंबोरा आणि वीणेच्या घोडीवर शोधनिबंध लिहिला. तारेला जिथे छेडलं तिथे जे उपस्वर उमटूच नयेत असं पुस्तकी नियम सांगतो, ते या घोडीमुळे उमटतात, असं त्यांनी दाखवलं.

रामन यांनी जे कागदावर मांडलं ते मिरजेचा कारागीर कानस आणि कानानं करतो. तार वाजवायची, ऐकायची, दोन हात कानस फिरवायची, पुन्हा वाजवायची. एक घास जास्त गेला तर घोडी वाया. आणि ही जवारी कायमची नसते. वाजवता वाजवता तार घोडीत घर करते, आवाज बसतो. मग वाद्य पुन्हा त्या हातांकडे न्यावं लागतं. म्हणून मी म्हणते, तंबोरा विकत घेऊन संपत नाही. लेक सासरी नांदते पण तिला माहेर लागतंच, तसं हे.

मंडळाची वीणा

नेवासे तालुक्यातल्या एका गावात महिलांचं भजनी मंडळ आहे. नेवासे म्हणजे ज्ञानेश्वरीचं गाव; आमच्या भागात हरिनाम सप्ताह नाही असं गाव सापडणार नाही. सप्ताहात वीणा रात्रंदिवस खाली ठेवायची नसते. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात, असा पहारा चालतो. या गावात तो पहारा पुरुषांचाच. बायकांना टाळ मिळायचे, वीणा मिळायची नाही. भांडण कुणी केलं नाही. मंडळातल्या अठरा जणींनी भिशी लावली. कुणी अंड्यांचे पैसे दिले, कुणी खुरपणीचे. वर्षानं त्यातल्या तिघी मिरजेला गेल्या आणि स्वतःची वीणा करून आणली.

"त्या बाबानं विचारलं, कोण गळ्यात घालणार?" मंडळाच्या आक्का सांगत होत्या. "मी म्हणलं, सगळ्याच. कुणी उंच, कुणी ठेंगणी. मग त्यानं मापानं हलकी करून दिली, आन् पट्टा कमी-जास्त करायची सोय केली." आता मंडळाची एकादशी असते तेव्हा वीणा अठरा गळ्यांतून फिरते. ती कुणाच्या घरी ठेवायची यावर मात्र अजून वाद होतात. सध्या महिन्याला एक घर असा तोडगा निघालाय. "ज्या घरी असती," आक्का म्हणाल्या, "त्या घरी नवरा-बायकोची भांडणं कमी हुतात. आवाज चढला की ती आपोआप वाजती ना!" ही गोष्ट खरीच आहे. जवळ मोठा आवाज झाला की तारा आपसूक गुणगुणतात.

मोबाइलमधला तंबोरा

संगमनेरची एक मुलगी, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. गाणं चांगलं. तिच्या मोबाइलमध्ये तंबोरा आहे. बटण दाबलं की सुरू, हवी ती पट्टी, कधी उतरत नाही, गंजत नाही, कपाटावर चढत नाही. मी या यंत्राच्या विरोधात मुळीच नाही. भाजी चिरता चिरता रियाज करण्याची सोय त्यानंच बायकांना दिली. ज्या मुलीला हॉस्टेलच्या खोलीत तीन मैत्रिणींबरोबर राहायचंय तिनं तंबोरा कुठे ठेवायचा?

पण तिच्या बाईंनी एकदा तिला खरा तंबोरा मांडीशी घेऊन बसवलं. मुलगी म्हणाली, "काकू, आवाज कानात नाही आला, बरगडीत आला." मग तो लावायला घेतला आणि तिचे डोळे भरून आले, कारण जमेना. जोडाच्या दोन तारा एक होईनात. मणी खाली-वर करत पाऊण तास गेला. आज तिला दहा मिनिटं लागतात. ती म्हणते, "पूर्वी मी बटण दाबून लगेच गायला लागायचे. आता ती दहा मिनिटं मी फक्त ऐकते. सूर चुकला तर मला आधी कळतं, बाईंना नंतर." वर्षानुवर्षं आपल्याला दुसऱ्यांचंच ऐकायची सवय असते. स्वतःसाठी रोज दहा मिनिटं कान देणं ही चैन कुठल्या बाईला मिळते, सांगा बरं.

माहेर बंद झालं तर?

माझ्या तंबोऱ्याचा भोपळा 2009 साली फुटला. बदलीचं सामान हलवताना ट्रकवाल्या माणसांनी गवसणीवर पुस्तकांची पेटी ठेवली होती. गवसणी उघडली तर आत खापरं. घरातले सगळे हळहळले आणि सगळ्यांनी एकच सल्ला दिला, "आता शोकेसमध्ये ठेव, छान दिसेल." इथल्या एका सुताराला विचारलं. त्यानं प्रामाणिकपणे हात जोडले.

खापरं एका उशीच्या अभ्र्यात भरून मी मिरजेला गेले. चाचा थकले होते, डोळ्यांना कमी दिसत होतं. त्यांनी एकेक तुकडा हातात घेऊन बोटांनी कडा चाचपल्या, आणि म्हणाले, "सगळे आणलेत ना ताई? मग होईल." तबली उघडून, तुकडे जुळवून, आतून कापड चिकटवून त्यांनी तो भोपळा पुन्हा उभा केला. बाहेरून सांधे दिसतात. आवाज थोडा बदलला, जरा घुमारा कमी झाला. पण गंधार बोलतो. मजुरी सांगितली ती इतकी कमी होती की मला संकोच वाटला.

काही वर्षांनी चाचा गेले. त्यांचा एक मुलगा पुण्यात नोकरीला आहे, दुसरा अजून त्याच खोलीत बसतो. त्याला मी विचारलं, "तुझी मुलं शिकतायत का हे?" तो हसला. म्हणाला, "शिकतील पण बसतील का? महिना महिना एका वाद्यामागे जातो. दुकानदाराला स्वस्तात पाहिजे. गिऱ्हाईक एकदा घेतं आणि पुन्हा येत नाही. तंबोरा काय, तीन पिढ्या टिकतो." चांगली वस्तू करणं हाच त्यांच्या पोटावर पाय, असा हा उलटा हिशेब आहे.

मानांकनानं मिरजेचं नाव सुरक्षित झालं, ही आनंदाची गोष्ट. दुसऱ्या गावचं वाद्य आता 'मिरजेचं' म्हणून विकता येणार नाही. पण तंबोरा पुन्हा बोलता करायला हात लागतात, आणि ते हात तिथे बसून राहिले पाहिजेत तर त्यांच्याकडे काम गेलं पाहिजे. आमच्या घराघरांतून कपाटांवर जे तंबोरे झोपलेत, त्यांतल्या प्रत्येकाची जवारी एकदा काढायची म्हटली तरी कितीतरी जणांना काम मिळेल. आपण नवीन घेऊ शकत नसू. आहे ते दुरुस्त करून घेणं तर आपल्या हातात आहे. आणि मजुरी देताना घासाघीस करू नये. भाजीवालीशी करतो तशी तर मुळीच नाही.

तुमच्याकडे तंबोरा असेल तर

गवसणी काढा आणि आधी कोरड्या, मऊ कापडानं पुसा. ओलं फडकं लावू नका. वाजवून झाल्यावर तारांवरून कोरडं फडकं फिरवलं तर पावसाळ्यात गंज कमी चढतो. आमच्यासारख्या कोरड्या मुलखात खुंट्या सैल होऊन सुटतात, त्यांना थोडा खडू लावला की पकड येते. उन्हाच्या तिरिपेत, पंख्याखाली किंवा ओलीच्या भिंतीला टेकवून ठेवू नका. प्रवासाला नेताना तारा थोड्या उतरवा आणि भोपळ्याखाली जुन्या साडीची चुंबळ द्या. लांब कुठे द्यायचा असेल तर शक्यतो स्वतः घेऊन जा. घोडी मात्र घरी घासायच्या भानगडीत पडू नका, ते काम जाणत्याचं. आणि नवीन घेणार असाल तर फोनवर मागवू नका. मिरजेला जा, पट्टी सांगा, त्यांनी म्हटलं तर लाजू नका, गाऊन दाखवा.

या दिवाळीत श्रीरामपूरच्या बाई, संगमनेरची ती मुलगी आणि मी, अशा तिघी मिरजेला जाणार आहोत. नेवाशाच्या आक्कांनीही वीणा आमच्याबरोबर द्यायचं कबूल केलंय, फक्त अठराही जणींची परवानगी मिळायची आहे. बर्थ चार काढायचे की पाच, यावर सध्या आमची फोनाफोनी चालू आहे.